आई परभणीला होती तेव्हा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या गल्लीतली माणसं कानांनी जगायला लागतात. नळाला पाणी यायच्या आधी पाइपातली हवा सुटते. नळ खोकतो, थुंकतो, थोडा वेळ गप्प बसतो. तो खोकला कुणाच्या तरी कानावर पडतो आणि 'पाणी आलं' ही हाक एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर जात गल्लीच्या टोकाला पोचते. मग घराघरातून मोटारी घुमायला लागतात. शहागंजच्या मागच्या अंगाला आमचं घर आहे, खाली दोन खोल्या, वर दोन. अंगणाच्या नावाखाली जी फरशी आहे, तिच्याखाली हौद. आठवडाभर कोरडा पडलेला हौद भिजायला लागला की सिमेंटचा एक गार, कच्चा वास घरभर पसरतो. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असतं आणि घरात हा वास.

परवा तो वास आला आणि मी हातातली बकेट तशीच धरून उभी राहिले. आमच्या घरात एका उन्हाळ्याला नाव आहे. आम्ही त्याला परभणीचा उन्हाळा म्हणतो. 'हा डाग परभणीच्या उन्हाळ्यातला', 'ती कढई परभणीच्या उन्हाळ्यात जळाली', असं सगळं बोलणं असतं. मी सोडून बाकीचे तिघं तो उन्हाळा याच घरात राहिले होते. परभणीला होते ती मी एकटी. तरीही नाव पडलं ते परभणीचंच.

त्याच्या आधीची कित्येक वर्षं माझी 'उचल' या एका शब्दात गेली होती. ताट उचल, दप्तर उचल, ओला टॉवेल पलंगावरून उचल. अनुजा, माझी थोरली, म्हणायची, "करते ना, पाच मिनिटं." धाकटा पार्थ तर ऐकू न आल्यासारखाच बसायचा. गोडीनं सांगून झालं, रागावून झालं. अबोला धरून पाहिला, पण तो धरलाय हे कुणाच्या लक्षातच येईना. कार्यालयातून आले की चपला काढायच्या आधी डोळ्यांना ओटा दिसायचा, त्यावर सकाळचे कप, कपात बुडालेलं बिस्किट. मग माझ्या तोंडून ते ठरलेलं वाक्य यायचं, "मी काय नोकर आहे का तुमची?" सगळे थोडे हलायचे, एखादा कप उचलला जायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशात मार्चअखेरीला मला बढती मिळाली आणि नेमणूक परभणीची आली. तिची वाट मी फार वर्षं पाहिली होती. माझ्यामागून लागलेली माणसं माझ्यापुढं जाऊन बसली होती. मला जायचं होतं, आणि मी ते घरात तसंच सांगितलं. यांची वाळूजला कंपनीत नोकरी. सकाळी कंपनीची बस धरायची, संध्याकाळी गळून यायचं. तरी हे म्हणाले, "जा तू. आम्ही बघतो काय ते." अनुजाची सातवीची परीक्षा संपत आली होती, पार्थ तिसरीत होता. मोलकरीण मिळेना. जी यायची तीही पाण्याच्या दिवसांत येईनाशी होते, कारण तिच्या घरीही पाणी त्याच दिवशी येतं. "पोरांना लावू की कामाला," हे म्हणाले. मला हसू आलं.

परभणीला एक खोली घेतली. खोलीत एक ताट, एक वाटी, एक पातेलं. जेवून झालं की ते ताट धुवायचं आणि पालथं घालायचं. मग उचलायला काहीच उरायचं नाही. पहिले काही दिवस ते फार छान वाटलं. पंख्याखाली पडून राहायचं आणि छताकडं बघायचं. त्यात फोन यायचा.

"आई, कुकरला शिट्टीच होत नाही."

"झाकणात रिंग बसवली का?"

"कुठली रिंग?"

मागून पार्थचा आवाज यायचा, "काळी गोल असते ती? ती मी गाडीच्या चाकाला लावली."

भाताला पाणी किती, कणीक सैल झाली तर काय करायचं, फडक्याला वास का येतो, असे प्रश्न. मी तिकडून बोलत राहायचे आणि इकडं अनुजा करत राहायची. तिची पहिली पोळी यांनी फोनवर दाखवली. नकाशासारखी होती आणि एका कडेला कोळसा झालेली. तिघांनी ती वाटून खाल्ली म्हणे. मी त्या दिवशी कार्यालयात सगळ्यांना ते सांगितलं.

शुक्रवारी कार्यालय सुटलं की स्टेशन गाठायचं आणि जेवणाच्या वेळेला घरी पोचायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. पहिले काही शनिवार मी घर घासण्यातच घालवले. मग एका शुक्रवारी दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. ओटा कोरडा होता. भांडी पुसून जागच्या जागी. दोरीवर कपडे नाहीत, म्हणजे काढून झालेले. पार्थ पाण्याचा तांब्या घेऊन आला, खाली ताटली धरून, पाहुण्यांना देतात तसा.

"तू बस आई," अनुजा म्हणाली. "दमून आलीस."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते सगळं समोर होतं. मी बसले. तिनं वाढलं, मी जेवले. वरणात मीठ बरोबर होतं. मी म्हणाले, "लई छान झालंय गं," आणि ते खरंच होतं. तरी माझी नजर त्या तांब्याखालच्या ताटलीवर जात होती.

दुसऱ्या दिवशी मी फोडणी करायला उभी राहिले तर हिंगाची डबी सापडेना. वरच्या फळीवर नाही, मसाल्याच्या डब्यामागं नाही.

"ती आता खाली ठेवलीय," अनुजा मागून म्हणाली. "पार्थचा हात पुरत नव्हता ना वर. हळद-मिठाचं पण तिकडंच. थांब, मीच देते."

तिनं मला हाताला धरून बाजूला केलं. फार हळू केलं, पण बाजूला केलं. मग शेंगदाण्याचा कूट कुठं, गाळणी कुठं, सगळं मी विचारत गेले आणि ती न बघता काढून देत गेली. मला वाटलं, मी कुणाच्या तरी घरी मदतीला आलेय.

त्याच दुपारी मी वरच्या खोलीत पडले होते. खाली पार्थनं काहीतरी सांडलं असावं. अनुजाचा आवाज आला, "किती वेळा सांगायचं रे तुला? मी काय नोकर आहे का तुमची?"

शब्द माझे होते, पट्टीही माझी. 'तुमची' म्हणताना मी जसा आवाज ओढते, तस्साच ओढलेला. आणि तिच्यासमोर त्या वेळी पार्थ एकटाच होता. 'तुमची' म्हणजे कोणाची, हे मी बराच वेळ पडल्या पडल्या स्वतःला विचारत राहिले.

आमच्या शेजारी शमीमभाभी राहतात. त्यांची आणि माझी भिंत एक, गच्चीचा कठडा एक. मी नसताना दिवसातून दोनदा त्या कठड्यावरून पोरांना हाक मारायच्या. मी कपडे वाळत घालायला वर गेले तेव्हा त्यांनी अनुजाचं कौतुक केलं. "बच्ची तुमारी बडी सुघड निकली. सब करती, अकेली करती." मग हातातली चादर झटकत जरा थांबल्या. "पन आजकल हँसती नै," म्हणाल्या. "पैले कैसी हँसती थी, मेरे घर तक आवाज आता था."

मी म्हणाले, मोठी होतेय आता. भाभींनी चादर पुन्हा झटकली.

मे महिना तापला. कंपनीत यांना जादा पाळ्या लागल्या. पाणी उशिरा, आणि येईल तेव्हा गढूळ यायला लागलं. ते उकळून प्यायचं, असं मीच फोनवरून सांगितलं होतं. त्या दिवसांत एका शनिवारी मी पाहिलं की पार्थनं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलाय. शाळेच्या स्नेहसंमेलनाला घेतलेला, जाड कापडाचा. घरात पंख्याखालीसुद्धा अंगाला चटका बसत होता आणि याच्या बाह्यांची बटणं लावलेली.

"काढ की तो," मी म्हणाले.

"ऊन लागतं बाहेर," तो म्हणाला.

रविवारी हे आंबे घेऊन आले. चौघं खाली फरशीवर बसलो, मध्ये पाटी. पार्थ आंबा चोखायला लागला तसा रस मनगटावरून बाहीत जायला लागला. तरी तो बाही वर करेना. पिवळा ओघळ कापडात शिरत होता आणि तो माझ्याकडं बघत होता. मी त्याचा हात धरला आणि बाही वर सरकवली.

मनगटापासून कोपराच्या जरा खालपर्यंत कातडी गुलाबी होती, नवी, चमकणारी. मध्ये मध्ये सालं निघत होती.

आंब्यांवर एक माशी फिरत होती, तिच्याकडंच सगळे बघत होते.

"बरं झालंय ते आता," अनुजा म्हणाली. तिनं साल पाटीत ठेवली आणि दुसरा आंबा चोळून मऊ करायला घेतला.

"कधी झालं?"

"मागच्या पाण्याच्या मागच्या पाण्याला."

आमच्या घरात त्या दिवसांत वार कुणी सांगत नसे. सगळं पाण्यावर मोजायचं. मी हिशेब लावला. मधल्या काळात मी येऊन गेले होते, राहून गेले होते, त्याला जवळ घेऊन झोपले होते, आणि बाहीच्या आत काय आहे ते मला कळलं नव्हतं.

मग तुकड्या-तुकड्यानं सगळं बाहेर आलं. दुपारी नळ आला तेव्हा गॅसवर पाणी उकळत होतं. अनुजा मोटार लावायला पळाली आणि जाता जाता ओरडली, "पार्थ, गॅस बंद कर." त्यानं गॅस बंद केला. आणि ताईला मदत म्हणून पातेलंही उतरवायला गेला. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. अनुजानं त्याचा हात नळाखाली धरला, नुकत्याच आलेल्या त्या गढूळ पाण्याखाली, आणि तसाच धरून ठेवला. हौद अर्धाच भरला त्या दिवशी. शमीमभाभींनी रिक्षा थांबवली आणि दोघांना दवाखान्यात नेलं. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा पार्थच्या हाताला पट्टी बांधलेली होती आणि अनुजानं खिचडी टाकली होती.

"तुला सांगू नका असं मीच म्हटलं," हे म्हणाले. खाली मान घालून. "तू सगळं टाकून आली असतीस."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले. थोड्या वेळानं अनुजा आली. मला वाटलं, आता ती रडेल आणि मी तिला जवळ घेईन. ती आली, आंब्याचे हात धुतले, फडक्याला पुसले आणि म्हणाली, "आई, तू रडू नकोस ना. तू रडलीस की मग मला तुझं पण बघावं लागतं."

ती रागानं बोलली नव्हती. दमल्यासारखं बोलली होती. तेरा वर्षांच्या मुलीचा तो आवाज मला अजून कुठंही, कशातही असताना ऐकू येतो.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर बसलो. तापलेली फरशी पाणी मारायला पाणी नव्हतं म्हणून तशीच फणफणत होती. मी म्हणाले, मी बढती सोडते.

"एकदा सोडलीस तर परत मिळायची नाय," हे म्हणाले. "भाजलं म्हणून काय? पोरं घरात राहतात, भाजतात, कापतात. मीपण लहानपणी भाजलोय. शिकतायत ना ते? तुलाच पाहिजे होतं ना, त्यांनी शिकावं?"

"माझी पोरगी चाळिशीची झालीय," मी म्हणाले.

त्यांनी तापलेल्या फरशीवरचा हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "ते पण खरंय."

मी बढती सोडली. परत जुन्याच टेबलावर येऊन बसले. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आता माझा साहेब होता. तो माझ्याशी फार अदबीनं बोलायचा, आणि त्यानं जास्त लागायचं.

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला मी घरी आले, कायमची. पहिल्याच दिवशी पार्थनं ताट जागेवरच सोडलं. मी उचलताना ते खरकटं बोटांना लागलं आणि खरं सांगते, मला आनंद झाला. अनुजा सकाळी उशिरापर्यंत लोळत पडायला लागली. ओला टॉवेल पुन्हा पलंगावर आला. आठ-पंधरा दिवसांत तिचं हसणं परत आलं. शमीमभाभींनी भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि पलीकडून म्हणाल्या, "सुना मैंने." हिंगाची डबी मी वरच्या फळीवर ठेवली.

पण त्या दोघांनी नुसती कामं कमी केली नव्हती. ती पूर्णच टाकून दिली होती. जिनं उन्हाळाभर तिघांचा स्वयंपाक केला, तिला आता म्हणे कुकर लावता येईना. "मला नाही जमत, आई. तू कर ना." मी पहिल्यांदा हसले. मग वाटलं, दमलीय, राहू दे. मग वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी कार्यालयातून यायचे तर ओट्यावर तेच कप. हेही कांदा चिरायला शिकले होते, ते विसरले. "तू आहेस ना," एवढं म्हणून सगळे मोकळे.

मधल्या वर्षांत मी कितीदा तोंड उघडलं असेल. 'उचल' म्हणायला ओठ हलायचे आणि डोळ्यांपुढं ती गुलाबी कातडी यायची. पार्थचा हात आता चांगला आहे. एक सावळा पट्टा राहिलाय, मित्रांना तो फुशारकीनं दाखवतो. पण त्याला गॅसजवळ उभं पाहिलं की अजूनही मी म्हणते, सरक, मी करते. पुढच्याच क्षणी वाटतं, हा उद्या कुणाच्या तरी घरात असाच उभा राहील, हात हलवत, आणि ती बिचारी कोण असेल ती माझ्या नावानं बोटं मोडेल. मैत्रिणी म्हणतात, थोडं थोडं लावायचं कामाला. थोडं म्हणजे किती, ते मला कळत नाही. मी एकदा पाहिलंय ते किती पटकन पुष्कळ होतं. त्या उन्हाळ्यात मी कुणाला काही शिकवलंच नव्हतं, मी फक्त घरातून गेले होते. माझी रिकामी जागा त्यांनी भरली, आणि एवढ्याशा अंगांनी भरली.

यंदा पार्थ आठवीतून नववीत जातोय. म्हणजे अनुजा तेव्हा होती त्याहून वर्षानं मोठाच झालाय. त्याच्याकडं मी मुद्दाम निरखून बघते. मोज्यांचा जोड सापडला नाही तर हाक मारतो. दूध उतू जाताना बघत उभा राहतो आणि म्हणतो, "आई, दूध चाललं." याच्याहूनही लहान होती ती. मला हे तेव्हा दिसलं नव्हतं असं नाही, पण इतकं दिसलं नव्हतं.

अनुजाची बारावी झाली. जूनमध्ये ती पुण्याला जाणार, कॉलेज निकालावर ठरेल. होस्टेलवर राहायचं म्हणून मी काळजीत होते. स्वतःचे कपडे तरी धुशील का, असं तिला आल्या-गेल्याला ऐकू जाईल असं विचारत होते.

परवा पाणी येऊन गेलं म्हणून सगळ्या चादरी धुवून काढल्या होत्या. संध्याकाळी मी गच्चीवर काढायला गेले. अनुजा न बोलावता मागं आली. औरंगपुऱ्याच्या बाजूनं धुळीचा एक लोट उठला होता आणि घारी खाली उतरत होत्या. मी मोठ्या चादरीचं एक टोक धरलं, तिनं समोरून दुसरं धरलं. झटकलं, ताणलं. तिला एकदाही सांगावं लागलं नाही. हाताला सगळं आठवत होतं.

"येतं की तुला," मी म्हणाले.

"येतंच," ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं का केलं नाहीस? मी एकटी मरत होते ना."

तिनं चादरीची सुरकुती अंगठ्यानं सरळ केली. पुन्हा केली, जिथं नव्हती तिथंही.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "आम्हाला सगळं येतं असं तुला दिसलं, तर तू परत परभणीला जाशील."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"पार्थला पण मीच सांगितलं होतं. ताट उचलायचं नाही म्हणून. तो लहान होता, विसरून उचलायला जायचा."

माझ्या हातातलं टोक खाली आलं होतं. तिनं डोळ्यांनीच खुणावलं, धर. मी धरलं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता तर मीच चालले ना," ती म्हणाली.

चादरीची घडी घालायची म्हणजे समोरच्यानं आपल्याकडं चालत यावं लागतं. ती आली, तिची टोकं माझ्या हातात दिली, आणि पुढची चादर दोरीवरून ओढून घेतली.